एका हातात मावणारा भात

सरकार मला वस्तू फोडण्याचा पगार देतं. ही थट्टा नाही, माझ्या नेमणूकपत्रात थोड्या सभ्य भाषेत हेच लिहिलेलं आहे. पुलांचे, पाण्याच्या टाक्यांचे, शाळांच्या स्लॅबचे काँक्रीटचे नमुने ठोकळ्यांच्या रूपात आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी एकेक ठोकळा दाबयंत्रात ठेवतो, तो फुटेपर्यंत दाबतो आणि कितीला फुटला ते वहीत लिहितो. एकतीस वर्षांत असे एकोणचाळीस हजारांहून जास्त ठोकळे मी फोडले आहेत. अशा माणसाने मूठभर भात दाबायला घेतला तर काय होणार, याचा अंदाज घरात कुणाला तरी यायला हवा होता. तो कुणालाच आला नाही, आणि मला तर सगळ्यात शेवटी आला.

निमित्त झालं डब्याचं. आमची ही मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डाची सिस्टर आहे. सकाळी साडेसहाला घर सोडते. परतायची वेळ कागदावर चारची, प्रत्यक्षात सातची. तिच्यासोबत तीन कप्प्यांचा डबा जातो आणि संध्याकाळी जसाच्या तसा परत येतो. "वेळ नाही झाला," एवढं एकच वाक्य त्या डब्याबरोबर येतं. मी डब्यावरून पुष्कळ व्याख्यानं दिली, ती तिने जोडे काढता काढता ऐकून घेतली.

मग एका मंगळवारी ती वॉर्डात चक्कर येऊन पडली. सावरलं कुणी, तर पायाला प्लास्टर असलेल्या एका पेशंटबाईंनी, एका पायावर उभं राहून. ही गोष्ट तिने आम्हाला हसत हसत सांगितली. लेकही हसली. माझं लक्ष हिच्या गणवेशाच्या पट्ट्याकडे होतं. पट्ट्याची भोकं संपली होती आणि पुढे खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक दिसत होतं. मला भीती वाटली, हे सरळच सांगतो.

"तू जेवत का नाहीस, ते एकदा नीट सांग," मी म्हटलं.

तिने नीट सांगितलं. जेवायला दोन हात लागतात, ते धुतलेले लागतात, बसायला जागा लागते आणि दहा मिनिटं लागतात. "माझा एक हात कायम कुणाच्या तरी अंगावर असतो," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

म्हणजे प्रश्न एका हाताचा होता. प्रश्न एवढा स्वच्छ मांडलेला मिळाला की मला हुरूप येतो. लेकीने फोनवर शोधून एक चित्रफीत दाखवली. एक जपानी म्हातारी भाताचे त्रिकोणी गोळे करत होती. हाताला पाणी, पाण्यावर मीठ, मुठीत भात, तीनदा दाबला की झाला त्रिकोण. वर समुद्रातल्या शेवाळाचा काळा कागद गुंडाळायचा. लोक ते चालताना, कामावर, गाडीची वाट बघताना एका हाताने खातात. सांडत नाही, गळत नाही, चमचा लागत नाही. मी म्हटलं, "एवढंच ना? यात काय आहे?" माझ्या पाहण्यात जेवढी बांधकामं कोसळली, त्यांची सुरुवात याच वाक्याने झाली होती.

पहिला भात घरच्याच तांदळाचा केला. आमच्या घराण्यात भाताची एकच परीक्षा आहे, दाणा मोकळा हवा. माझी आई ताटातला भात बोटाने हलवून दोन दाणे एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, हे बघायची, आणि चिकटलेले सापडले तर त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. त्या परंपरेला जागून माझा भात अप्रतिम झाला. मुठीत घेतला आणि दाबला, तर बोटांच्या फटींतून दाणा न् दाणा मोकळा होऊन ओट्यावर पडला. आईने धन्य म्हटलं असतं. मी चार तास ओटा पुसत होतो, असं लेक सांगते. पाऊण तास झाला असेल.

वाण्याकडे जाऊन मी चिकट तांदूळ मागितला. त्याने वजनकाट्यावरचा हात काढला. लोक चिकट निघाला म्हणून तांदूळ परत आणतात, मागायला आलेले तुम्ही पहिलेच, असं म्हणून त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असंही विचारलं. शेवटी आतल्या पोत्यातून आखूड, गुबगुबीत दाण्याचा तांदूळ काढून दिला आणि कुणाला सांगू नका म्हणाला.

इथून पुढे खरं तर सोपं होतं, पण इथेच माझं ज्ञान आडवं आलं. काँक्रीटचा पहिला धडा असा, की पाणी जितकं कमी तितकी मजबुती जास्त. मी पाणी निम्मं घातलं. तयार झालेला भात खडीच्या वर्गात मोडत होता. दुसऱ्या खेपेला पाणी पुरेसं घातलं, पण दुसरा धडा आठवला. मालात हवा राहता कामा नये. माल तीन थरांत भरावा आणि प्रत्येक थराला सळईने पंचवीस ठोके द्यावेत. मी लेकीच्या कंपासपेटीतून मापं घेऊन पत्र्याचा त्रिकोणी साचा केला आणि लाटण्याच्या टोकाने पंच्याहत्तर ठोके मोजून दिले. तिसरा धडा, माल ओला ठेवल्याशिवाय ताकद धरत नाही. सकाळी लेक अंघोळीला गेली तेव्हा न्हाणीघरात ओल्या गोणपाटाखाली ओळीने सहा त्रिकोण झोपलेले तिला सापडले.

समोरच्या काकूंचा प्रवेश इथे होतो. काकू सत्तरीच्या आहेत, सगळी इमारत त्यांना काकूच म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी पाळणाघर चालवलं. त्यामुळे समोरचा माणूस दोन वर्षांपेक्षा मोठा असेल, यावर त्यांचा सहसा विश्वास बसत नाही. ठोक्यांचा आवाज ऐकून त्या आल्या आणि नंतर रोज येत राहिल्या. भातात थोडा मैदा घाल, त्या म्हणाल्या. घातला, खळ झाली. अंडं घाल, म्हणाल्या. तेही घातलं. काळा कागद पार्सलने आला तेव्हा त्यांनी त्याची एक पट्टी उन्हात धरून पाहिली आणि हा बुटाचा आतला तळ आहे, तुला फसवलंय, असं सांगितलं.

सहाव्या दिवशी मात्र माझा गोळा उभा राहिला. टेबलावरून खाली टाकला, फुटला नाही. घरंगळत कपाटाखाली गेला आणि तिथेही फुटला नाही. मी तो अभिमानाने हिच्या पिशवीत घातला. संध्याकाळी तो परत आला. एका कोपऱ्यावर दातांचे चार ठसे उमटलेले होते, पण दात त्यापुढे गेले नव्हते. तिने प्रयत्न केला होता, हे त्या ठशांवरून स्पष्ट होतं. माझं मन राखायला तिने दुखऱ्या दाढेने प्रयत्न केला होता, हे लेकीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तो गोळा कार्यालयात नेला. मला फक्त एवढंच पाहायचं होतं, की हा फुटायला किती दाब लागतो, म्हणजे पुढचा त्याहून कमी करता येईल. पण आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे, वहीत नोंद झाल्याशिवाय कुठलीही वस्तू यंत्राखाली जात नाही. तो नियम मीच केलेला आहे. मी नोंद केली. नमुना क्रमांक चारशे बारा. आकार त्रिकोणी. वय तीस तास. कामाचं नाव: घरचं. ठेकेदार या रकान्यात, खोटं लिहायचं नाही म्हणून, स्वतःचं नाव घातलं. मग यंत्र लावलं. काटा हललासुद्धा नाही. ज्या गोळ्यापुढे माझ्या बायकोच्या दाढेने हात टेकले, तो काट्याला जाग येण्याआधीच कागदासारखा चपटा झाला होता. मी बळ या रकान्यात 'नगण्य' असं लिहिलं आणि पुढचा पुलाचा ठोकळा घेतला.

आमच्याकडे नव्याने लागलेले एक कारकून आहेत, अतिशय कामसू. दर शुक्रवारी नापास नमुन्यांची पत्रं तेच तयार करतात. ती चाळीसेक पत्रं माझ्या टेबलावर येतात आणि मी सह्या करतो. वाचून सह्या करायच्या म्हटल्या तर पूल कधी बांधायचे? पुढच्या बुधवारी माझ्या घरी नोंदणी टपालाने एक लखोटा आला. घरी कुणी नव्हतं म्हणून काकूंनी सही करून घेतला, आणि लखोटा जड वाटला म्हणून वाचलाही. 'आपण चालविलेल्या त्रिकोणी बांधकामाचे बळ नगण्य आढळल्याने सदर बांधकाम तत्काळ थांबवावे व आजूबाजूच्या रहिवाशांच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी.' खाली माझी सही होती. ठळक, वळणदार, एकतीस वर्षांची.

मी घरी पोचलो तेव्हा जिन्यात आजूबाजूचे रहिवासी उभे होते. स्वयंपाकघराची भिंत पाडतोयस का, असं काकूंनी विचारलं. तळमजल्यावरच्यांनी छताला पडलेला तडा दाखवला, जो माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. मी सगळ्यांना आत बोलावून भाताचे गोळे दाखवले. त्यांनी आलटून पालटून गोळ्यांकडे आणि सरकारी पत्राकडे पाहिलं. त्यानंतर माझ्याशी सगळेच जरा हळू आवाजात बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत, म्हणून रागावतानाही अहो-जाहो करतात आणि त्यामुळे जास्त लागतं. वहीतली नोंद खोडता येत नाही, हे मी त्यांना सांगण्याआधी त्यांनीच मला सांगितलं. नमुना नापास झाला की त्याच कामाचे तीन फेरनमुने तपासायचे, तरच प्रकरण बंद होतं. "सोमवारी तीन आणा," ते म्हणाले, "आणि कामाचं नाव नीट लिहा." मी कामाचं नाव नीट सांगितलं. हिच्या चक्करेपासून सगळंच सांगितलं. त्यावर साहेब सोमवारीच आणा, असं पुन्हा म्हणाले.

रविवारी सकाळी मी ओट्यापाशी उभा होतो. समोर गरम भात, हाताला पाणी, पाण्यावर मीठ. मैदा, अंडं, साचा, गोणपाट सगळं हद्दपार केलेलं. लेकीने ती म्हातारी पुन्हा लावली होती. तीनदा दाबायचं, एवढं मला कळलं होतं, पण माझ्या हाताला दाबायचं म्हणजे फोडेपर्यंत दाबायचं एवढंच माहीत. हळू दाबला की सुटायचा, जोर लावला की गोठायचा. सातवा गोळाही मी बाजूला ठेवला. ही त्या दिवशीही कामावर गेली होती. डबा नेलाच नव्हता, उगाच ओझं कशाला म्हणाली.

काकू दारात उभ्या होत्या. मग आत आल्या, हात धुतले आणि माझ्या हातांखाली आपले हात धरले.

"अरे, तान्ह्या मुलाला अंघोळ घातली आहेस का कधी?"

मी म्हटलं, लेकीला एकदा घातली होती, तेव्हा हिने माझ्याकडून काढून घेतली.

"बरोबर केलं तिने. ओलं मूल निसटतं म्हणून घट्ट धरावं तर दुखतं. तेव्हा बोटांनी धरायचंच नाही. तळवा त्याच्या अंगाच्या आकाराचा करायचा आणि त्यात त्याला राहू द्यायचं. बस."

मी तळवा आकाराचा केला. भात आत राहिला. एकदा वळवला, दुसऱ्यांदा वळवला, तिसऱ्यांदा वळवला आणि हात उघडला. त्रिकोण उभा होता. दाणे सगळे एकमेकांना टेकलेले होते आणि तरी प्रत्येक दाणा वेगळा दिसत होता. मी तोंडात घातला. हातात इतका वेळ धीर धरून राहिलेला तो गोळा जिभेवर आपण होऊन सुटला.

मला काय वाटलं हे नीट सांगता येईल का, माहीत नाही. न फुटणं हीच मोठी गोष्ट, असं मी जन्मभर मानत आलो. पाणी आणि मीठ लावलेल्या हातातून, चुना नाही, सिमेंट नाही, सळई नाही, अशी वस्तू होते की जी हवी तिथपर्यंत टिकते आणि हवी तिथे सुटते, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. मी काकूंच्या हातांकडे पाहिलं. सुरकुतलेले, पातळ झालेले हात. चाळीस वर्षांत किती मुलं त्या हातांतून गेली असतील आणि एकही निसटलं नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, यात थोडा मैदा घालून बघ.

सोमवारी भात निवेपर्यंत ही निघून गेली होती. मी सहा गोळे केले, वर भाजलेले तीळ लावले, कागद वेगळा ठेवला म्हणजे सादळणार नाही. तीन फायलीसाठी आणि तीन हिच्यासाठी. दुपारच्या सुट्टीत स्वतः नेऊन द्यायचे ठरवले.

प्रयोगशाळेत साहेब आणि ते कामसू कारकून यंत्रापाशी वाटच बघत होते. मी नमुना क्रमांक लिहिले, पहिला गोळा यंत्राच्या तबकडीवर ठेवला आणि बटणावर बोट ठेवलं. ते बोट पुढे जाईना. एकोणचाळीस हजार ठोकळे फोडलेल्या माणसाला मूठभर भातावर यंत्र चालवता येईना. साहेबांनी चष्मा काढला. फुटण्याची तपासणी नियमात कुठेही यंत्रानेच करावी असं म्हटलेलं नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांनी गोळा उचलून खाल्ला. दुसरा कारकुनाने खाल्ला, तिसरा दोघांनी वाटून घेतला. कारकुनाने विचारून विचारून नोंद केली: 'हातात अखंड. तोंडात समाधानकारक.' साहेबांनी सही केली आणि प्रकरण बंद झालं.

मग साहेबांची नजर दुसऱ्या डब्यावर गेली. तपासणीला आणखी एखादा नमुना असला तर बरं, असं काहीसं ते पुटपुटले. मी डबा उचलून छातीशी धरला आणि नाही म्हटलं. नोकरीत साहेबांना नाही म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनीही ते ओळखलं असावं, कारण ते स्वतःच दार उघडून उभे राहिले.

इस्पितळाच्या फाटकावर बाहेरचं अन्न आत नेण्यास मनाई, अशी पाटी होती आणि तिच्याखाली पाटीहून कडक पहारेकरी होता. भेटीची वेळ चारची. पास कुठे आहे? मी सरकारी ओळखपत्र दाखवलं, त्याने ते उलटं करूनही पाहिलं. काँक्रीटची तपासणी वॉर्डात कशाला, असं विचारलं. शेवटी मी हिचं नाव सांगितलं. तो खुर्चीवरून उठला. त्याची आई त्या वॉर्डात सतरा दिवस होती, तो म्हणाला. मग त्याने दरवाजा उघडून धरला आणि डावीकडचा जिना दाखवला.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला कामावर कधी पाहिलं नव्हतं. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना मिळून चोवीस खाटा. ती मधून चालत होती आणि ती जिथून जायची तिथली बाई थोडी सरळ होऊन बसायची. ती कुणाची उशी सारत होती, कुणाची सलाईन बघत होती, कुणाला नुसतंच हो म्हणत होती. घरी किल्ली कुठे ठेवली ते तिला सापडत नाही. इथे चोवीस माणसांचं दुखणं तिला बोटांवर माहीत होतं. मी दाराशीच थांबलो. आत जायला संकोच वाटत होता, एवढी ती मला मोठी वाटली.

टोकाच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिला ऑपरेशनला न्यायचं होतं आणि तिने हिचं मनगट धरून ठेवलं होतं. सोडायला तयार नव्हती. ही खाटेच्या कडेला वाकून उभी, एक हात म्हातारीच्या मुठीत, नजर तिच्या चेहऱ्यावर. हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी दबकत मागे जाऊन उभा राहिलो. पायांचा आवाज ऐकून तिने मान न वळवता सांगितलं, "मामा, ट्रॉली पाच मिनिटांनी आणा."

वॉर्डात सामान आणणाऱ्या माणसांना मामा म्हणतात. प्रथमश्रेणी तांत्रिक सहायक, एकतीस वर्षं सेवा, आणि घरच्याच माणसाकडून हे ऐकायचं. पण खुलासा करण्याची ती वेळ नव्हती. मी डबा उघडला, एका गोळ्याला काळा कागद गुंडाळला आणि तिच्या मोकळ्या हातावर ठेवला.

हाताने तो धरला. नजर म्हातारीवरच होती. तिने वस्तू काय आहे हे बघितलंही नाही, पण हाताला ती अन्न आहे हे कळलं असावं. हात तोंडाशी गेला. पहिला घास. दुसरा. म्हातारी काहीतरी विचारत होती, ही मान डोलावत होती आणि खात होती. तिसरा घास. चौथा. तीळ हाताला चिकटले होते, ते तिने चाटून घेतले. चादरीवर एक शीतही पडलं नाही. घास गिळताना तिचा हलणारा गळा मला मागून, कडेने दिसत होता.

रिकामा हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग तो मागे, माझ्या दिशेने आला आणि उघडला. तिने अजूनही वळून पाहिलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "अजून एक आहे का?"